मामांनी लावलेली टक्कर

देवाने जगात प्रत्येक वस्तू निदान दोन तरी केल्या, त्या निव्वळ आमच्या मामांची सोय व्हावी म्हणून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, राहणार इंदापूर तालुक्यातलं कळंब. आजोबांपर्यंत त्यांच्या घरी मेंढरंच होती. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण मेंढरू पारखायची नजर तेवढी मामांकडे राहिली आणि तिला काही काम न उरल्यामुळे ती दिसेल त्या वस्तूवर पडू लागली. पंप घ्यायचा तर दोन आणून एकाच विहिरीवर चालवून बघायचे. चप्पल घ्यायची तर दोन जोडांतली एकेक पायात घालून दुकानदाराच्या देखत बाजारभर हिंडायचं. इंदापूरहून बारामतीला कुठली एसटी आधी पोचते हे ठरवायला एकदा एकीत ते बसले आणि दुसरीत मला बसवलं. त्या दिवशी बारामतीत आम्हा दोघांनाही काडीचं काम नव्हतं. मी आधी पोचलो, तर मामा म्हणाले, “तुमच्या गाडीत पाशिंजर कमी हुतं. ह्यो निकाल धरायचा न्हाय.” मग परत जाताना गाड्यांची अदलाबदल झाली.

“एकटं मेंढरू कवाबी चांगलंच दिसतंय, जावयबापू,” ते म्हणायचे, “शेजारी दुसरं हुबं केल्याबिगर कळत न्हाय.” यावर मी हसत नाही, कारण मी स्वतः या परीक्षेतून गेलोय. मी मुलगी बघायला गेलो त्याच दिवशी, त्याच वेळेला, मामांनी दुसरं एक स्थळही बोलावून ठेवलं होतं. आम्हा दोघांना शेजारी शेजारी जेवायला बसवलं आणि मामा समोर मांडी ठोकून बघत बसले. दुसरा मुलगा रंगाने, उंचीने, पगाराने, सगळ्यानेच माझ्यापेक्षा उजवा. तरी पसंती मला मिळाली. कारण विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “त्यो जेवताना तुमच्याकडं बघत हुता. तुमी ताटात बघत हुता.” ही स्तुती की टोमणा, ते मी अजून बायकोलाही विचारलेलं नाही.

तर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बारामतीतला माझा टायपिंगचा क्लास मरायला टेकला होता. जो तो कॉम्प्युटर शिकायला निघाला होता, आणि माझ्याकडे होते खडखडणारे जुने टाइपरायटर. होती नव्हती ती शिल्लक काढून एक कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला. एकच. तो चुकला तर क्लासला कुलूप, हे मला आणि बायकोला दोघांनाही माहीत होतं. साहजिकच पुण्याला जाताना मामा बरोबर आले, लाल पटका बांधून आणि खांद्यावर घोंगडं टाकून.

दुकानदाराने दोन यंत्रं दाखवली. एकात फोर-एटी-सिक्स जातीचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, वेग शंभर. दुसऱ्यात नवा पेंटियम, वेग पंच्याहत्तर, आणि किंमत मात्र चांगलीच जास्त. मामांनी दोन्ही डब्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “शंभरवालं सवंग आन् पंच्याहत्तरवालं म्हाग? ह्यो कुठला न्याय?” दुकानदार बिचारा समजुतीने म्हणाला, की पेंटियम एका ठोक्यात दोन दोन कामं उरकतो. “म्हंजी पावलं कमी, पन ढांग लांब,” मामांना ते एका झटक्यात पटलं. मला ते समजायला पुढे वर्ष लागलं. “बरं, आता दोनीस्नी कामाला लावा,” त्यांनी फर्मावलं. मी दोन्ही यंत्रांवर एकच अर्ज टाइप केला. दोन्हीकडे अक्षरं माझ्या बोटाबरोबर उमटत होती, काडीइतका फरक नाही. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “जावयबापू, दोगंबी तुमचीच वाट बघत्यात. नुसती वाट बघायला म्हागाचं कशापायी?” मनातून मला पेंटियम हवा होता. आम्ही फोर-एटी-सिक्स घेऊन आलो.

चार महिन्यांत स्टँडजवळ दुसरा क्लास उघडला आणि त्याच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, पेंटियम. माझी मुलं चुळबुळायला लागली. पालक दारातूनच विचारायचे, “तुमचा पेंटियम हाय का सादा?” हे मामांच्या कानावर गेलं मात्र, ते तडक त्या क्लासवाल्याकडे गेले आणि एडक्यांची लावतात तशी टक्कर ठरवून आले. बाजारच्या दिवशी, माझ्याच क्लासमध्ये, दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी, आणि पंच म्हणून मामा. क्लासवाल्याने आनंदाने त्याचं यंत्र रिक्षात घालून आणलं. मुलं, पालक, बाजाराला आलेली रिकामटेकडी मंडळी, सगळी दाटीवाटीने उभी राहिली.

पहिलं काम अर्ज टाइप करायचं. बरोबरी झाली. मामांनी मिशीवर हात फिरवला. दुसरं काम क्लासवाल्याने सुचवलं, एका बाईच्या मोठ्या रंगीत चित्राचा आकार बदलून ते पुन्हा काढायचं. पेंटियमने काढलं आणि तो गप्प बसला. आमचा गडी वरून खाली एकेक पट्टी उतरवत होता. पेंटियमच्या पडद्यावर अख्खी बाई केव्हाची हसत होती आणि आमच्याकडे तिच्या भुवया चालल्या होत्या. मी मामांकडे काकुळतीने पाहिलं. एवढंच म्हणा, मामा, की अर्जात बरोबरी झाली, मिटलं! मामा मात्र पार पाय उमटेपर्यंत थांबले, मग उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अर्ज, पत्रं, याद्या शिकायच्या आसतील तर हितं सवंगात काम हुतंय. पन चितरं, नकाशं, मोटी गनितं शिकायची आसतील, तर पोरानू, तिकडं जावा. त्येंचं जनावर सरस हाय.”

चौदातली नऊ मुलं दुसऱ्याच दिवशी तिकडे गेली. माझं डोकं फिरलं. “मामा, तुम्ही घरचे ना?” मी ओरडलो. त्यांनी शांतपणे घोंगडं उचललं. “घरी आसलो तर घरचा. तितं पंच म्हनून बसलो हुतो, जावयबापू.” पुढे कित्येक महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही. ते आले की मी क्लासमध्ये जाऊन बसायचो, आणि क्लासमध्ये बसायला जागा भरपूर होती.

पावसाळा सरता सरता पिंपळीचा एक माणूस मुलीला घेऊन आला. मुलीला कचेरीतल्या नोकरीसाठी टायपिंग शिकायचं होतं. मीच आपणहून सांगितलं, की आमच्याकडे पेंटियम नाही. “ठाव हाय की,” तो म्हणाला, “मी हुतो तवा बाजारात. पटकंवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं पत्रासाठी हितं पुरतंय. ज्यानं घरच्याला हरवलं, त्यो उरलेलं खोटं कशाला सांगंल?” असाच मग वरकुट्याचा एक जण आला, मग आणखी दोन मुली. ज्यांना खरोखर अर्ज आणि याद्याच करायच्या होत्या ते सगळे माझ्याकडे यायला लागले, आणि अशी माणसं चित्रवाल्यांपेक्षा पुष्कळ निघाली. क्लास उभा राहिला. मी सकाळची आणखी एक तुकडी सुरू केली.

मामांकडे जाऊन हे सांगायला हवं होतं. पण रुसलेल्या जावयाचा मान मोठा असतो, तो सोडवत नाही. मी गेलो तो ते अंथरुणाला खिळल्यावर. अंग पार वाळून गेलं होतं. मला बघून उठून बसायला लागले, मी धरून निजवलं. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “कलास बरा चाललाय न्हवं?”

“चाललाय,” मी म्हणालो.

मामांनी समाधानाने डोळे मिटले. कुणामुळे चाललाय, ते पुढच्या खेपेला सांगू म्हणून मी उठलो, आणि ती खेप झालीच नाही.