वजह लिहून द्या

मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मी एक वाक्य बोललो, ते आजवर मला पुरलं आहे. काचीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत पोह्यांच्या बशा फिरत होत्या. कोपऱ्यात टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी फुटबॉलची मॅच लावलेली होती, आणि होणारे सासरे आमच्याकडे अर्धं आणि टीव्हीकडे अर्धं असे बसले होते. रेफरीनं काहीतरी दिलं, त्यांनी मांडीवर हात आपटला. शांतता फार झाली म्हणून मी समजूतदारपणे म्हणालो, "जाऊ द्या हो, रेफरीही शेवटी माणूसच असतो." माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी सावकाश मान वळवली. "माणूस आहे म्हणूनच त्याला दोन लाइन्समन दिलेत," ते म्हणाले, आणि माझ्या बशीत आणखी पोहे वाढायला सांगितलं. आत कुणीतरी हसलं. तिच्याशीच पुढे माझं लग्न झालं.

होकार मात्र तोंडी आला नाही. आठ दिवसांनी वडिलांच्या नावे पत्र आलं, त्यात होकार आणि खाली कारणं. पहिलं, मुलगा नोकरीत कायम आहे. दुसरं, घरचे लोक आवाज चढवत नाहीत. तिसरं, मुलाला फुटबॉल कळत नाही, परंतु चूक दाखवल्यावर तो गप्प बसतो. वडिलांनी ते पत्र बरीच वर्षं जपून ठेवलं. तिसरं कारण ते पाहुण्यांना वाचून दाखवत.

सासऱ्यांना घरात आणि गल्लीत सगळे अण्णाच म्हणत. दिवाणी कोर्टात ते पेशकार होते. न्यायाधीशांपुढे फाइल ठेवायची, पुकारा झाला की पक्षकार उभे करायचे आणि निकाल लागला की हरलेल्या माणसाला तो समजेल अशा भाषेत सांगायचा, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं काम. त्यातून त्यांची एक ठाम समजूत झाली होती. माणूस हरल्यानं खचत नाही. का हरलो ते कुणी सांगत नाही, त्यानं खचतो. "फैसला देणं सोपं हो," ते म्हणायचे, "वजह लिहायला बसलं की पेन अडतं." घरातही त्यांचा हाच कायदा. नातीला आइस्क्रीम नाही म्हणायचं असलं तरी दोन कारणं द्यायचे आणि तिला तिसरं विचारायची मुभा असायची.

अशा माणसानं फुटबॉलच्या नादी लागायला नको होतं. त्या खेळात शिट्टी वाजते, हात एका दिशेला जातो, विषय संपतो. पण अण्णा लहानपणापासून या शहराचं फुटबॉल बघत आलेले. शहराचा व्यावसायिक क्लब आला तेव्हा ते सत्तरीत होते, आणि पहिल्याच सीझनला त्यांनी सगळ्या घरच्या सामन्यांची तिकिटं काढायला लावली. दोन तिकिटं. दुसरं माझं, कारण मी गप्प बसतो. जागासुद्धा ठरलेली. आपला क्लब दुसऱ्या हाफमध्ये ज्या गोलवर चाल करणार, त्या पेनल्टी बॉक्सच्या रेषेत. "फैसले दुसऱ्या हाफमध्ये बिघडतात," हे त्यांचं निरीक्षण. मेट्रो, मग ऑटो, मग गेटपाशी झडती. एकदा तिथल्या गार्डनं त्यांची छत्री काढून घेतली. अण्णांनी नम्रपणे वजह विचारली. तो म्हणाला, "ऊपर से ऑर्डर है, अंकल." अण्णा म्हणाले, "तो ऊपरवाले की वजह बताओ." मागची रांग ओरडायला लागली, मी छत्रीवर पाणी सोडून त्यांना दंडाला धरून आत नेलं. त्या दिवशी आम्ही तीन-शून्यनं जिंकलो, पण अण्णा परत येताना छत्रीबद्दलच बोलत होते.

शिव्या त्यांनी कधी दिल्या नाहीत. भोवती सगळं स्टेडियम रेफरीच्या खानदानाची चौकशी करत असताना हा माणूस खिशातून पॅड काढून मिनिट लिहून घ्यायचा. घरी आल्यावर अपील. परिच्छेदांना नंबर, शेवटी 'सबब विनंती की'. ते मराठीत लिहायचे, मी इंग्रजीत टाइप करून लीगच्या ऑफिसला ईमेल करायचो. न दिलेली पेनल्टी, चुकीचं पिवळं कार्ड, सहा मिनिटं वाया गेलेली असताना दिलेली तीन मिनिटं. प्रत्येक वेळी काही सेकंदांत उत्तर यायचं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अण्णा चष्मा पुसायचे. "मी अभिप्राय दिला नाही जावईबुवा, अपील केलंय. पुन्हा पाठवा." मी पुन्हा पाठवायचो. पुन्हा मोलाचा.

मग तो सामना झाला. सीझनमधला घरचा शेवटचा. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाहीतर सुट्टी. एक-एक बरोबरी, भरपाईची मिनिटं चालू. आमच्या पोरानं मधून आलेला पास घेतला आणि बॉल जाळ्यात मारला. मी उभा राहून शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, त्याच्या चहासकट. आणि पलीकडे लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड. आता हे असं, की आम्ही बरोबर त्या रेषेत बसलेलो. त्यांचा बचाव करणारा आमच्या पोराच्या पुढे, गोलच्या बाजूला होता, चांगला हातभर, म्हणजे ऑफसाइड नव्हताच. परदेशात म्हणे अशा वेळी व्हिडिओ बघतात. आपल्याकडे ती सोय नाही, रेफरीनं झेंडा बघितला आणि फ्री किक दिली. मी इतका ओरडलो की पुढचे तीन दिवस ऑफिसात खुणांनी काम केलं. अण्णा ओरडले नाहीत. लोक बाटल्या फेकत निघून गेले तरी ते जागेवरून त्या लाइन्समनकडे बघत बसले होते.

ते अपील त्यांनी चार वेळा लिहिलं. निकाल बदला असं त्यात कुठंच नव्हतं. एवढंच मागितलं होतं, की ज्या कारणानं गोल नाकारला ते लिहून द्यावं. मोलाचा अभिप्राय आला, मग काहीच आलं नाही. एक महिना, दोन महिने. रोज सकाळी पेपर वाचून झाला की विचारायचे, "आलं का काही?" मध्ये त्यांच्या हृदयानं दगा दिला, आठ दिवस दवाखान्यात काढले. आयसीयूमधून बाहेर आणल्यावर नळ्या लावलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मला वाटलं पाणी हवंय. माझी बायको वैशाली म्हणाली, "ईमेल विचारतायत."

वैशाली जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवते. अण्णा घरी आल्यानंतरच्या एका रविवारी ती सकाळीच बाहेर गेली आणि येताना तिच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना घेऊन आली. यादगिरी सर, अंबरपेठचे, चाळिशीचे, हातात सफरचंदांची पिशवी. मला चेहरा ओळखीचा वाटला, मग त्या सामन्याचा लाइन्समन आठवला. तोच. शाळेत शिट्टी, सुट्टीच्या दिवशी झेंडा. माझ्या बायकोला हे सीझनच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं ते घरात येऊ दिलं नव्हतं, आणि तिची कारणं मी न विचारताही समजू शकतो.

अण्णांनी सदरा मागून घेतला, उठून बसले. सरांना समोरची खुर्ची दिली.

"मैं झगडने कू नै बैठा," ते इथल्या दख्खनी बोलीत म्हणाले. "वजह चाहिये मेरेकू. बस."

यादगिरी सरांनी एकदा वैशालीकडे बघितलं. मग हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "सच बोलूँ तो साब, मेरेकू दिखाइच नै. उनका डिफेंडर बीच में आ गया. पब्लिक चिल्ला री थी, झंडा उठ गया हाथ से."

"नै दिखा तो क्या करना?"

"नै दिखा तो नै उठाना, साब. कायदा वैसाइच है."

अण्णांनी मान हलवली. चहा मागवला. सरांचं घर अंबरपेठेत नेमकं कुठं, गुडघे अजून धावू देतात का, असं बरंच काही विचारलं. मी मनात तयार ठेवलेली सगळी भाषणं चहाबरोबर गिळली. सर निघताना पाया पडायला वाकले, तर अण्णांनी त्यांना वरच्यावर धरलं. दार लागलं. मला वाटलं, चला, मिळालं एकदाचं. आता माणूस बरा होईल.

"जावईबुवा," अण्णा म्हणाले, "इतके दिवस वाटत होतं, कारण आहे, फक्त आपल्याला देत नाहीत. कारण नव्हतंच हो." मग चष्मा काढून ठेवत म्हणाले, "अपील मागे घ्या."

मी तसा ईमेल केला. अभिप्राय मोलाचा असल्याचं कळवण्यात आलं.

त्यानंतर त्यांनी पॅड हातात घेतलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम मॅच लावायचो, आणि मुद्दाम चुकीचं बोलायचो, हा तर सरळ ऑफसाइड आहे वगैरे. पूर्वी त्यांनी मला पुराव्यासकट सोलून काढलं असतं. आता ते पडल्या पडल्या म्हणायचे, "झेंडा वर आहे ना? मग असेल." या वाक्याचा मला इतका संताप यायचा की मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचो. लीगवर, लाइन्समनवर, त्याच्या खरं बोलण्यावर, नक्की कशावर, ते आजही सांगता येणार नाही. दिवाळीच्या आधी ते गेले. नवा सीझन पंधरा दिवसांवर होता.

तेराव्याला यादगिरी सर आले. फोटोसमोर फूल ठेवलं, थोडा वेळ बसले, जेवायला थांबा म्हटलं तर हात जोडून गेले. ते जिना उतरले तशी मी चिडचिड सुरू केली. म्हटलं, काय गरज होती त्या दिवशी त्याला एवढं खरं बोलायची? दुसरं काही सुचलं नाही त्याला?

वैशाली पत्रावळी मोजत होती. ती थांबली.

"सुचलं होतं," ती म्हणाली. "वाटेत रिक्षात म्हणाले होते, मॅडम, ऑफसाइडच होता असं सांगतो, पायाचं टोक पुढं होतं म्हणतो, बुजुर्गांना बरं वाटेल. मीच म्हटलं, अण्णांशी खोटं बोलायचं नाही. ते खोटं सांगू दिलं असतं तर अण्णा तावातावानं भांडले असते, अहो. पुढचा सीझन बघितला असता त्यांनी."