हातभर जागा

म्हसवडच्या अलीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं आता नऊच उरली आहेत. रविवारी उपासनेला वीस माणसं आली तरी पाळकसाहेबांचा चेहरा खुलतो. ते तरुण आहेत, गेल्याच वर्षी आले. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं, भिंतीवर कोरा कागद चिकटवला आणि विचारलं, "आपली मंडळी इथं कशासाठी आहे? पुढच्या काही वर्षांत आपण काय करायचं?"

कुणी म्हणालं, बायकांसाठी शिवणवर्ग काढू. कुणाला बंद पडलेली रविवारची शाळा पुन्हा सुरू व्हायला हवी होती, कुणाला छताचे पत्रे बदलायचे होते. मी शाळेत शिकवते, म्हणून लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलं होतं.

शेवटी माझे वडील उठले. आबा फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेले, आणि तेव्हापासून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाच पंचांपैकी एक.

"नवं काय करायचं ते मागनं बघू," ते म्हणाले. "जी माणसं गेली त्यांच्या घरी आदी जायाला पायजे. पयलं माज्या लेकाच्या."

पाळकसाहेब सोडले तर त्या लेकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

दादानं, माझ्या थोरल्या भावानं, बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका हिंदू मुलीशी देवळात लग्न लावलं होतं. पंचांनी त्याचं नाव मंडळीतून कमी केलं. वहिनीच्या माहेरानंही दार लावून घेतलं, म्हणून दोघं सांगलीला जाऊन राहिली. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. फार अशक्त होती, अकरा दिवस जगली. दादा तिला टॉवेलात गुंडाळून गावी घेऊन आला आणि आमच्या दफनभूमीत, आईच्या कबरीशेजारी, हातभर जागा मागू लागला.

पंच बसले. मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही, बाप मंडळीबाहेरचा. जागा देऊ नये असं कुणाकुणाला वाटतं, असं विचारल्यावर पाच हात वर गेले. त्यातला एक आबांचा होता. मी दारात उभी होते. मीही काही बोलले नाही.

दादा आला तसा मुलीला घेऊन परत गेला. सांगलीत एका हळदीच्या अडत दुकानात त्याला काम मिळालं, आणि तो तिथंच राहिला. नाताळाला मी फोन करायचे. तो दोन वाक्यं बोलायचा.

त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात आबा, पाळकसाहेब आणि मी सांगलीला गेलो. वहिनीनं दार उघडलं आणि ती आबांच्या पाया पडली. दादा नुकताच बाजारातून आला होता. बोटं पिवळी, कानावरचे केस पांढरे. त्यानं खुर्ची पुढं केली, पण आबा बसलेच नाहीत.

"मी हात वर केला हुता," ते म्हणाले.

"तुमी एकटं नव्हता, आबा."

"पंच पाच हुते. तिचा आजा मी एकलाच हुतो."

दादा खिडकीकडं बघत राहिला.

"तिला गावी न्हिऊ," आबा म्हणाले. "तुज्या आईजवळ. पाळकसाहेब सोता प्रार्थना करणार हायती. मी जागा साफ करून ठिवलीया."

ती जागा त्यांनी साफ केली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"कुठनं नेणार, आबा?" दादाचा आवाज अगदी हळू होता. "हितंच नदीकाठी पुरली हुती तिला. महापुरात त्यो काठच वाहून गेला. पाणी उतरल्यावर आठ दिवस जाऊन हुडकलं मी. खुणंचा दगडबी घावला न्हाई."

आबा भिंतीला टेकून फरशीवरच बसले. मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठिवलं हुतं?"

उत्तर वहिनीनं दिलं. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

चहा गार झाला. आम्ही निघालो तेव्हा दादा स्टँडपर्यंत सोडायला आला, त्यानं आबांचा हात धरून त्यांना एसटीत चढवलं, आणि गाडी सुटायच्या आतच तो माघारी वळला.

पुढच्या बैठकीत शिवणवर्ग ठरला, पत्रे ठरले. आणि एक नियम झाला: आमच्या दफनभूमीत जो माती मागेल त्याला ती मिळेल, कुणाला काही विचारायचं नाही. त्याआधी आबांनी उभं राहून सगळ्यांसमोर आपण काय केलं ते सांगितलं. त्या वेळचे दोन पंच केव्हाच वारलेत. उरलेल्या दोघांपैकी एक मान खाली घालून बसला, दुसरा उठून बाहेर गेला. सोडून गेलेल्यांपैकी एक कुटुंब आता पुन्हा उपासनेला येतं.

नियम झाल्याचं मी दादाला फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला उपयोगी पडंल."

मी विचारलं, नाताळाला येशील का? तो म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला.