कामथडीपर्यंतची लंका

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, माघात गेले. गावचा माणूस सायकल हाणत भोरला आला, तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. “बाई, अण्णा गेलं. झोपंतच,” तो म्हणाला. मी वहाणा काढल्या आणि पुन्हा घरात जाऊन बसले... खरं सांगायचं तर रडू नंतर आलं, आधी रागच आला. दुसरा महिना मिळाला नाही का या माणसाला? जन्मभर माघ-फाल्गुनानंच तर त्यांना दावणीला बांधून ठेवलं होतं.

त्यांचं गाव भाटघर धरणाच्या काठाला. चांगली जमीन सगळी पाण्याखाली. माघ लागला की पाणी उतरत जातं, गाळाची काळीभोर जमीन हळूहळू वर येते, पण बांध पार पुसलेले असतात. म्हणून तिथली रीत अशी, की जमीन वर येताना धन्यानं स्वतः उभं राहायचं, शेजाऱ्याला हद्द दाखवायची आणि पहिलं औत आपलं घालायचं. जो हजर नाही त्याचा तुकडा गेलाच म्हणून समजा. दाजींचे वडील एका वर्षी तापानं पडून राहिले, तेवढ्यात अर्धी जमीन गेली. दाजी ते कधी विसरले नाहीत.

आणि अशा माणसाला जायचं होतं लंकेला! लढाईच्या दिवसांत पलटणीबरोबर ते तिथल्या एका बंदरावर राहिले होते. नदीत डुंबणारे हत्ती, वाळूत अंडी घालायला येणारी कासवं, झाडाझाडांवर धनेश पक्षी... हे सगळं अक्काला दाखवायचं, हा त्यांचा ध्यास. बाजाराला भोरला आले की आमच्या ओट्यावर बेत सुरू. मी शाळेतला नकाशा आणायची. पुण्याहून मद्रास, तिथून रामेश्वराकडची गाडी, मग बोट. कासवं यायची माघ-फाल्गुनात, समुद्रही तेव्हाच शांत, आणि नेमकी तेव्हाच यांची जमीन वर येणार. “दाजी, रावणाचं बोलावणं आलं का हो?” मी दरवर्षी चिडवायची. अक्का म्हणायची, “तिकिटापायी मला लंकेची पार्वती करत्यात बग ह्ये.” तिला हत्तीचं काडीचं कौतुक नव्हतं. एकदा मला हळूच म्हणाली, “चार दिस ह्येंनी त्या पान्याकडं न बगता माज्याजवळ बसावं. मग हत्ती असू दे न्हाईतर म्हस असू दे.”

अखेर एका वर्षी जमलं. वरचा तुकडा नांगरून झाला होता, खालचा वर यायला अवकाश होता, परवानेही हातात आले होते. दोघं भोरला आमच्याकडं मुक्कामाला आली आणि सकाळी एसटीत बसली. पुण्यापर्यंत पोचवायला मीही निघाले. अक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. भाटघरला त्यांच्याच गावचा एक जण गाडीत चढला. “अण्णा, तुमी हितं? खालचा तुकडा उगडा पडला की. गणपाचं औत फिरतंय त्यात.”

गणपत म्हणजे दाजींचा बांधाशेजारी. मी म्हटलं, “फिरू दे. परत आल्यावर भांडा त्याच्याशी.” अक्का खिडकीबाहेर बघत राहिली. कामथडी आली तसे दाजी उठले, कंडक्टरला म्हणाले, “मास्तर, जरा थांबवा,” आणि टपावरची ट्रंक उतरवून घेतली. अक्काही उतरली. भांडली नाही, रडली नाही. पदर सारखा केला आणि उलट्या वाटेला लागली. मी गाडीच्या पायरीवर उभी राहून बघत होते. पुढं कधी विषय काढलाच तर दाजी म्हणायचे, “बरं झालं, येळंवर पोचलो.” मग कांद्याविषयी बोलायला लागायचे. नकाशा काही पुन्हा उघडला गेला नाही.

परवा अक्काकडं गेले होते. ती तांदूळ निवडत होती. गणपत आला आणि उंबऱ्यापाशी बसला. “वैनी, खालचा तुकडा वर आलाय. म्या नांगरून देतो.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तुझं नांगरणं माहीत आहे आम्हाला. तुझ्यामुळं उतरले ते एसटीतून.”

गणपत म्हणाला, “बाई, तवाबी म्या अण्णांचंच नांगरत हुतो. तुकडा अवचित उगडा पडला, अण्णा लंकंला गेल्यालं. दुसऱ्या कुनी औत घालू नये म्हनून म्याच घातलं. अण्णा धापा टाकीत आलं, तवा त्येंनाबी सांगितलं. मटकन खाली बसलं वो... म्हनालं, घरात बोलू नगंस.”

अक्काचा हात तांदळातच थांबला. मला तर मान वर करवेना. गणपत म्हणाला, “यंदा म्या बगतो समदं. तुमी जाऊन या वैनी लंकंला.”

“कुनासंगं?” अक्का म्हणाली. सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि हद्द दाखवायला निघाली.