आमच्या हरभऱ्यातला हायवे

येळवशीला आमच्या रानात भलतीच गंमत झाली... अजून आठवलं की मी एकटीच हसत बसते.

आमचं रान येरमाळ्याजवळ. येडाई देवीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांना दोनेक महिन्यांपासून मोबाईल थेट आमच्या हरभऱ्यातून शॉर्टकट दाखवत होता. आणि लोकांचा मोबाईलवर एवढा विश्वास, की समोर पीक दिसत असूनही गाडी घालायचे.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सगळे उपाय केले. बोराटीच्या काट्या टाकल्या, दगड लावले, 'हा रस्ता नाही' अशी पाटी रंगवली. लोक दगड सरकवून जायचे... वर पाटीपाशी थांबून अण्णांनाच विचारायचे, पुढं रस्ता बरा आहे का.

फुलावर आलेला हरभरा असा चाकाखाली जाताना बघून अण्णांना दुपारची भाकरी गोड लागेना. आता जी गाडी येईल ती थेट पोलीस ठाण्यात, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा आमच्याकडचा मोठा सण. त्या दिवशी गावात कुणी नसतं, सगळे आपापल्या रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली आणि अण्णा आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती शिंपडत निघाले... नेमकी तेव्हाच एक पांढरी गाडी बांध ओलांडून त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली.

अण्णा लालबुंद. पण येळवशीला रानात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं, मग भांडण कसलं करता. दात-ओठ खात त्यांनी हातातली आंबील शिंपडली... निम्मी पिकावर, निम्मी गाडीच्या काचेवर. आतल्या माणसानं गपचूप वायपर सुरू केला.

आईनं कोपीतून हाक दिली, "या जेवायला. भज्जी गरम हाय."

नगरकडचे एक इंजिनिअर आणि त्यांची म्हातारी आई खाली उतरले. येळवस त्यांना ठाऊकच नव्हती. सगळ्या शेंगभाज्या एकत्र शिजवलेली ती भज्जी इंजिनिअरसाहेबांनी तीनदा घेतली.

आजी मात्र जेवता जेवता उठून गाडीच्या चाकोरीकडं गेल्या. त्याही शेतकरीणच. चिरडलेला हरभऱ्याचा एक डहाळा आणून त्यांनी लेकाच्या ताटात ठेवला. साहेबांचा घास हातातच राहिला.

त्यांनी लगेच मोबाईल काढला. गाड्या जिथून जातात त्यालाच तो रस्ता समजतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, इथून पहिली गाडी कुणाची गेली?

आम्ही सगळे अण्णांकडं बघायला लागलो... दिवाळीच्या सुमारास एक चुकलेली गाडी आमच्या चिखलात रुतली होती. अण्णांनीच दया येऊन चाकाखाली कडबा अंथरला, बांध फोडला आणि तिला पलीकडच्या रस्त्याला लावून दिलं. मागच्यांनी तीच चाकोरी धरली.

"म्हंजे रस्ता तुमीच पाडला म्हना की," आई म्हणाली.

तसे अण्णा हसायला लागले... दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

साहेबांनी तिथूनच मोबाईलच्या नकाशावर 'इथं रस्ता नाही' अशी तक्रार नोंदवली, आणि गाडी आल्या चाकोरीनंच रिव्हर्स नेली. अण्णा मागं उभं राहून हात दाखवत होते. आईनं आजींना डबा बांधून दिला.

आठवड्याभरात मोबाईलवरून रस्ता गायब, गाड्याही बंद. काल रानात गेले तर अण्णा पाटीपाशी ब्रश घेऊन बसलेले. मला वाटलं, आता काढूनच टाकतायत... तर त्यांनी खाली एक ओळ वाढवली होती. 'पाणी प्यायचं असेल तर चालत या.'

"गाड्या नकोत," अण्णा म्हणाले, "पर मानसं आली पायजेत की."

चिरडलेला हरभरा काही परत उभा राहिला नाही, पण अण्णांना भाकरी पुन्हा गोड लागायला लागली. आजी, हे तुमच्यामुळं झालं. पुढच्या येळवशीला नक्की या... फक्त रस्त्यानं या.