बिदाईची गाडी आणि माझा डबा

मित्रांनो, आज दुपारी ताईची बिदाई झाली. शेरवानीही न काढता लिहून राहिलो.

नवरदेवाची सजवलेली गाडी सकाळपासून आमच्या दारात गाणे वाजवत उभी होती. रडणं आटोपलं, ताई बसली, ड्रायव्हरनं चावी फिरवली तर नुसतं टिक टिक. बॅटरी डाउन!

आमच्यात बहिणीच्या गाडीला भाऊ धक्का देतात. आम्ही दिला. पण गाडी ऑटोमॅटिक, धक्क्यानं थोडीच सुरू होणार!

मी धावत माझा जंप स्टार्टर आणला, उतरलेल्या बॅटरीला करंट देणारा. ऑनलाइन मागवला तेव्हा बाबूजी म्हणाले होते, "कायले पाहिजे हा डबा?"

बोनेट उघडून लाल चिमटा बॅटरीला लावला. काळा लावणार, तर बाबूजी दिसले. सकाळपासून पाहुण्यांतच होते, ताईकडे बघितलंही नव्हतं. आता तिच्या खिडकीशी वाकले होते.

"थायरॉइडची गोळी ठेवली का, बाई?"

"ठेवली. तुमी बीपीची घेतली?"

"विसरलो."

"पाहा! आता कोन आठवन देईन तुमाले?"

बाबूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काढलाच नाही.

मी काळा चिमटा हातातच धरून ठेवला.

"झालं का गा?" नवरदेवाचा मामा ओरडला.

"मशीन गरम होऊन रायली, मामाजी!" मी थाप मारली.

दहा मिनिटांनी बाबूजीच म्हणाले, "लाव आता."

एका चावीत गाडी सुरू झाली.

आत्ता बाबूजी खोलीत येऊन सांगून गेले, "चार दिवसांनी ताई येईन, त्याच गाडीनं. तवा तो डबा लपवून ठेवजो."

सांगा आता, कुठं लपवू?