खाडा

कडा गावच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मळीचा उग्र, गोडसर वास आमच्या मैदानापर्यंत येतो. इथं मी आता मुलींना फुटबॉल शिकवते. त्या वासानं मला भारताकडून खेळलेला पहिला सामना आठवतो, तोही आईमुळं.

सामना परदेशात होता. आई तेव्हा अशाच एका कारखान्याच्या तळावर, ऊसतोडीला गेलती. तिनं मुकादमाच्या मोबाइलवर मला खेळताना पाहिलं. उत्तरार्धात प्रशिक्षकांनी मला बाहेर घेऊन दुसरीला आत पाठवलं. नंतर मी फोन केला, तर आईचा आवाज पार पडलेला.

"तुला मधीच कावून बसवलं गं? खाडा धरला का तुझा?"

ऊसतोडीत कुणी काम टाकून बसलं की मुकादम खाडा धरतो, म्हणजे दंड लावतो. मी पोट धरून हसले. "न्हाई गं आई, खेळात असंच असतंय."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, पण हसली नाही. अंगात ताप असतानाही तिला कुणी फुकट बसू दिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

काल सामन्यात मी एका मुलीला बाहेर घेतलं. तीही तोडकऱ्याचीच लेक. बाकावर बसून ती जर्सीत तोंड खुपसून रडायला लागली. मी शेजारी जाऊन बसले आणि तिला हसवावं म्हणून म्हणाले, "अगं, खाडा न्हाई धरला तुझा."

ती हसली नाही. डोळे पुसत तिनं विचारलं, "खरंच ना, ताई?"