मेण नाहीसं होत नाही

माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं मला फसवलं. चर्चसाठी केलेल्या मेणबत्त्यांत त्यानं जनावराची चरबी मिसळली आणि ती मी मिसळली असं चर्चच्या कमिटीला सांगितलं. कमिटीनं त्याचं खरं धरलं.

आमचं घराणं विठ्ठलभक्त शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं. शिवणयंत्र सोडणारा मी पहिला. शहरात रोज संध्याकाळी वीज जायची त्या काळात मी मेटगळ्ळीत एक पत्र्याची शेड घेतली, दोन हंडे मांडले आणि मेणबत्त्या ओतायला लागलो. आधी सायकलवर माल घेऊन दारोदार फिरलो, मग दुकानदार माझ्या दारात यायला लागले. दराच्या घासाघिशीत मी कुणाला हार जात नसे, आवाजही माझा चढाच. पण आमच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडं येत नाही, तिथं शेडमध्ये चरबी कुठून येणार?

दोन हंड्यांपैकी एक मी बघायचो, दुसरा हाच मेहुणा. माझ्या हंड्याला वात घरची, बायकोनं शिलाईच्या दोऱ्याला पीळ देऊन केलेली. मेहुण्याला त्याचा कंटाळा. तो बंगळूरहून तयार गोफाची वात आणायचा, तिच्यात एक निळा धागा विणलेला असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या मोहल्ल्यात एक लहान चर्च आहे. फेब्रुवारीत त्यांचा एक सण असतो. वर्षभर लागणाऱ्या मेणबत्त्यांना त्या दिवशी आशीर्वाद देतात आणि माणसं त्या पेटवून रांगेनं चालतात. त्या मेणबत्त्या बरीच वर्षं माझ्याकडून जात. त्या साली मी हुणसूरला गिऱ्हाइकं जोडायला गेलो होतो. तो माल मागे मेहुण्यानं ओतला आणि पोचवला. सकाळच्या प्रार्थनेत मेणबत्त्या हातातल्या हातात वाकल्या, काळा धूर सोडायला लागल्या आणि चर्चभर खाटकाच्या दुकानासारखा वास सुटला. कमिटीनं मेहुण्याला बोलावलं. तो म्हणाला, "भाऊजींनी गावाला जायच्या आधी स्वतः ओतल्या. मी नुसत्या आणून दिल्या."

मी परतलो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. मी चर्चच्या फाटकात उभा राहून म्हणालो, मला एक तरी मेणबत्ती दाखवा. बुडाशी वातीचं टोक दिसतं, ते बघितलं की कुठल्या हंड्यातली ते मी सांगतो. आतून निरोप आला की मेणबत्त्या पुरल्या. आशीर्वाद दिलेली वस्तू त्यांच्यात फेकत नाहीत आणि परतही करत नाहीत, एक तर जाळतात नाही तर पुरतात. म्हणजे माझा पुरावा मंत्र म्हणून मातीत घातला होता! त्यानंतर मी फाटकात काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. रस्त्यावर माणसं थांबली होती एवढं सांगतो.

मेहुण्यानं हुणसूरला स्वतःची शेड घातली. चर्चचा माल तिथून सरकारी बसच्या टपावरून यायला लागला. विठ्ठलाच्या मंदिरात भजनाला बसलो की शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. कुणी काही म्हणत नसे. नुसतं सरकत.

त्याच सुमारास बाजारात मला टीचर भेटल्या. त्यांनी मला शाळेत कन्नड शिकवलं होतं, आता निवृत्त होऊन चर्चमागच्या गल्लीत एकट्या राहत होत्या. त्याही कमिटीवर होत्या. त्या बैठकीत त्या काहीच बोलल्या नाहीत असं मी ऐकलं होतं. माझ्याविरुद्ध बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना आपल्या बाजूच्या धरत होतो.

"एनो साहुकारा," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. शाळेत माझ्या पायात चप्पल नसायची, तेव्हापासून त्या मला चिडवायला साहुकार, म्हणजे शेठ, म्हणत. "अजून धुमसतोयस?"

"चितेवर ठेवतील तेव्हाच थंड होईन, टीचर."

"आमच्या पुस्तकात तुझा एक जुळा भाऊ आहे. ये रविवारी, ओळख करून देते."

तो जुळा भाऊ म्हणजे बायबलमधली स्तोत्रं रचणारा कवी. कन्नडमध्ये त्या स्तोत्रांना कीर्तनं म्हणतात. मी कीर्तनातच वाढलेलो, मला वाटलं देवाचं गुणगान असेल. पण हा माणूस देवापुढे उभा राहून चक्क फिर्याद मांडतो. मला छळणाऱ्यांचं काय करणार, कधी करणार, झोपलास का, असं विचारतो. आणि दुष्टांचं काय व्हावं तेही स्वतःच सुचवतो. धूर उडून जातो तसे ते उडावेत. आगीपुढे मेण वितळतं तसे देवापुढे ते नाहीसे व्हावेत.

मेण म्हटल्यावर मी सरसावून बसलो. घरी जाताना मनात मेहुणा हंड्यात विरघळत होता. आठवडाभर चांगली झोप लागली.

पण माणूस धंद्यातला. पुढच्या रविवारी हंडा तापवताना मनात प्रश्न उभा राहिला आणि दुपारी मी टीचरच्या ओसरीवर जाऊन तो विचारला.

"टीचर, तुमच्या कवीनं कधी मेण वितळवलं होतं का?"

"का रे?"

"मेण वितळतं, पण नाहीसं कुठं होतं? मी मेणाची लादी टाकतो, पाणी होतं, साच्यात ओततो, पुन्हा मेण. घरोघरची थोटकं गोळा करून वितळवतो, त्यांच्या पुन्हा मेणबत्त्या होतात. देवानं माझ्या मेहुण्याला वितळवलं तर तो हुणसूरला जाऊन घट्ट होईल. झालाच आहे!"

त्या खूप हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "कवी मेणाचं बोलतच नाही. आकाराचं बोलतो. ताठ उभी मेणबत्ती असते ना, तिचा ताठा जातो. दुष्ट माणूस जगात जो आकार घेऊन मिरवतो, तो देवाच्या तोंडापुढे टिकत नाही."

हे मला पटलं, पण पुरतं नाही. मी म्हटलं, "आगीत चांगलं मेणही वितळतं. भेसळीचं आणि शुद्ध, दोन्ही हंड्यात सारखीच दिसतात. फरक कळतो तो थंड होताना. शुद्ध मेण साच्यातून टपकन सुटतं. चरबीचं चिकटून बसतं, हाताला ओशट लागतं. म्हणून न्याय आगीत नाही टीचर, आग विझल्यावर आहे."

"हे त्या कवीला सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुलाही एक सुचलं नाहीये. त्याच्या पुढच्याच ओळीत त्याच तोंडापुढे भली माणसं नाचतात. समोर एकच तोंड, एकजण वितळतो, एकजण नाचतो. तू त्यात कुठं आहेस?"

"मी फाटकात आहे," मी म्हटलं.

असे रविवार चालले. मी त्या ओसरीवर सूड ऐकायला गेलो होतो, पण कुतूहलच वाढत गेलं. धुराचं मी त्यांना सांगितलं की धूर उडून जातो हे खोटं, माझ्या शेडचे पत्रे येऊन बघा, धूर गेला तरी काजळी राहते. तरण्या सिंहांचे दात पाड म्हणून कवी देवाला सांगतो, तिथं मी विचारलं, "नुसते दात? मान का नाही?" टीचर म्हणाल्या, "दात गेलेला सिंह जिवंत राहतो, पण फाडू शकत नाही. कवीला मढं नकोय. त्याला फाडणं थांबायला हवंय." घरी जाऊन मी यावर पुष्कळ विचार केला. मेहुणा मरावा असं मला खरंच वाटत होतं का? नव्हतं वाटत. बायकोचा भाऊ तो. चर्चला पुन्हा माझा माल माझ्या नावानं जावा, मंदिरात शेजारच्यानं सरकू नये, एवढंच मला हवं होतं.

मग एके दिवशी गोगलगाय आली. दुष्टांनी चालता चालता विरघळणाऱ्या गोगलगायीसारखं व्हावं, असं कवी म्हणतो. पावसाळ्याचे दिवस होते. टीचरच्या अंगणातल्या भिंतीवर गोगलगायी होत्याच. मी उठून एकीजवळ जाऊन बसलो. तिच्या मागे चकचकीत ओल उमटत होती.

"विरघळत कुठं आहे? चांगली टुणटुणीत आहे."

"त्या काळी माणसांना वाटायचं, ती ओल म्हणजे तिचं अंगच. जितकी चालेल तितकी झिजेल."

"म्हणजे जिथून जिथून गेली तिथं तिथं खूण ठेवत जाते," मी म्हटलं. "ही तर पकडायला सोपी. टीचर, हे स्तोत्र पहिल्यापासून वाचा ना. नुसती गोगलगाय नको."

त्या थोड्या घुटमळल्या. मग वाचायला लागल्या. सुरुवातीला चोर नव्हता, लबाड मेहुणा नव्हता. कवी न्याय करायला बसलेल्यांना विचारत होता, की तुम्ही खरंच नीट न्याय करता का? दात, गोगलगाय, सगळं त्यानंतर येत होतं, आणि ते त्या बसलेल्यांसाठी होतं.

एवढ्यात रोजच्यासारखी वीज गेली. पावसाच्या ढगांनी अंधारून आलं होतं. टीचर आत जाऊन मेणबत्ती पेटवून घेऊन आल्या. ती वाकलेली होती. काळा धूर निघाला आणि मला वास आला.

त्यांच्यात आशीर्वादाची एक मेणबत्ती घरी ठेवायची रीत असते. वादळवाऱ्यात लावतात, कुणी शेवटच्या घटका मोजत असलं तर त्याच्या उशाशी लावतात. म्हणून ही एक पुरली गेली नव्हती. टीचरच्या हातातून ती मी घेतली, फुंकली आणि बूड अंगणातल्या उजेडाकडे धरलं. वातीच्या टोकात निळा धागा होता.

"बघा," मी म्हटलं. "बघा टीचर, हा निळा धागा. ही त्याच्या हंड्यातली. माझी वात घरची असते."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू फाटकात ओरडून सांगत होतास ना, त्याच संध्याकाळी उलटी करून बघितली."

"मग?"

"मग कमिटीचं ठरून गेलं होतं. पुन्हा बैठक बोलवायची म्हणजे सगळ्यांना खोटं पाडायचं." त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. "आणि तू केवढा ओरडत होतास, देवा रे! काय काय शब्द. ओरडणाऱ्या माणसाच्या बाजूनं उभं राहायला लाज वाटते रे. शांतपणे आला असतास, तर बोललेही असते."

"आणि आज ती का पेटवलीत? दुसरी नव्हती घरात?"

"होती," त्या म्हणाल्या. "पुष्कळ आहेत."

ती मेणबत्ती मी खिशात घालून घेऊन आलो. बायकोनं निळा धागा बघितला आणि भावाचं नाव घेऊन रडली. पण चर्चच्या कमिटीला माझा शब्द नकोय आणि माझ्या खिशातली मेणबत्ती तर मुळीच नकोय. मी दुसरीकडून पैदा केली म्हणतील. त्यांच्यातल्याच कुणीतरी उठून सांगायला हवं. टीचर अजून कमिटीवर आहेत. दर बैठकीला जातात.

म्हणून हे लिहिलं. टीचर, तुम्ही हे वाचाल, मराठी तुम्हाला वाचता येतं. तुमचा तो कवी फाटकातच उभा आहे. दात पाड म्हणतो, वितळव म्हणतो, झोपलास का म्हणून देवाला दरडावतो. माझ्या तोंडी आले त्याहून वाईट शब्द त्याच्या तोंडी आहेत, आणि ते तुम्ही दर रविवारी उभं राहून, हात जोडून गाता. त्याचं ओरडणं तुम्हाला प्रार्थना वाटतं. माझं ओरडणं कानावर आलं, त्याच संध्याकाळी तुमच्या हातात निळा धागा होता आणि तुम्ही गप्प बसलात. मेहुण्याचं मी बघून घेईन. तुम्ही का गप्प बसलात? ओसरीवर माझ्यापुढे नको. कमिटीपुढे उभं राहून उत्तर द्या.